येतो म्हणोन बुडाले त्यांचे येणे

श्रीसूर्यनारायण साक्ष, दर्याराज साक्ष. शके सोळाशे सव्वीस, तारण नाम संवत्सर, वैशाख मास. संवत्सराचे नाव तारण, परंतु तारिले कोणास नाही, ती हकीकत येणेप्रमाणे.

बखरकार आरंभीच सांगतो की हे कोणी खरे मानणार नाही. आजवर सात गावच्या सात बैठकींत सांगितले; चार ठिकाणी हसले, दोन ठिकाणी पानसुपारी न देता वाटेस लाविले, आणि सातव्या ठिकाणी एक शहाणे गृहस्थ उठोन बोलिले की आजोबा, तुमच्या तोंडून खरे निघाले तर दर्या गोड होईल. त्यांस म्हटले, चाखोन पाहा, निम्मा जाहलाच असेल. पुढे या बंदरावरील धर्मशाळेत मंडळी जमली, त्यांनी आज्ञा केली की तुम्ही तोंडी सांगता ते दर खेपेस बदलते, सबब कागदावर उतरा आणि मग वाचा. आज्ञा मानोन उतरले, आणि तेच मंडळींपुढे वाचितो.

पश्चिम दर्याकाठी एक नगर आहे. नाव लिहीत नाही, कारण त्या मुलखात नाव घेणे म्हणजे हाक मारणे, आणि हाक मारली म्हणजे काय होते ते पुढे येईलच. नगर वसविले आद्य महाराजांनी. महाराज डोंगरावरचे, तेथे बारमाही धुके, पागोटे कधी वाळले म्हणोन नाही, डोईत शेवाळ धरिले. मग महाराज कंटाळोन खाली उतरले आणि दर्याकाठी येऊन पागोटे सोडिले व वाळूवर पसरिले, तो पुरते पसरण्याआधीच एक टोक वाळोन कडकडीत जाहले. महाराज संतोष पावले आणि बोलिले की राजधानी येथेच. ऐसे ऊन. भरल्या घागरी विहिरीवरून घरी येईतो निम्म्या होत, म्हणोन सुना दोन घागरी भरीत आणि एक आणीत. मासा गळास लागे तो वर येईतो सुका. ताजा खाणे असल्यास पाण्यात उतरोन तेथेच खावा. एका वाण्याची सावली उन्हाने इतकी काळी पडली की तीत त्याची म्हैस हरवली ती तीन दिवस सापडली नाही. नगराची सारी वाळू म्हणजे वाळवणाचे अंगण. सांडगे, आमसुले, बोंबील, मीठ, धुतली लुगडी, ज्याची त्याची जागा वाडवडिलांपासून नेमलेली, आणि दुसऱ्याच्या जागेवर पापड घातला म्हणोन सोयरिकी मोडल्या आहेत. लोक सुखी, रंगाने तांबूस, बोलण्यात गोड.

आणि बोलण्याचीच एक चाल त्या नगरात होती. आपणही घरून निघताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. दिवा विझला म्हणत नाही, बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. परंतु आपण ते जिभेने पाळतो, त्या लोकांनी जिवाने पाळिले. जा हा शब्दच त्यांनी टाकिला. पाहुण्यास निरोप देणे तर या. चाकरास काढणे तर उद्यापासून ये. कुत्रे हाकलणे तर हाड, ये. आणि कुत्रेही शहाणे, ते समजोन पळे. सूर्य मावळला तर सूर्य येतो म्हणाला, आणि म्हातारा मेला तर आजोबा येतो म्हणाले. दोनशे वर्षे ऐसे चालिले, मग पोरांस तो शब्द ऐकूनही ठाऊक राहिला नाही. दर्यावर निघणारा उंबऱ्यावर येतो म्हणे, घरची माणसे या म्हणत, आणि जो बुडाला तो येत नसे, आणि त्याबद्दल कोणी दर्यास जाब विचारीत नसे. शब्द तो शब्द, दर्या तो दर्या.

ऐसियास तारण संवत्सरी काय जाहले, की गादीवर होते ते महाराज आंब्याचे शौकीन. त्यांनी व्याह्यांस रसाच्या पंगतीस बोलाविले, व्याही येतो म्हणाले आणि आले नाहीत. पंगत दोन प्रहर खोळंबली, रस उन्हाने आंबला, आणि महाराज कोपास चढोन चिटणिसांस बोलिले की लिहा फर्मान. आजपासून आमच्या राज्यात जो कोणी येतो म्हणेल त्याने आलेच पाहिजे, सबब चालणार नाही, मग तो जमिनीवर असो वा पाण्यावर असो. चिटणीस म्हातारे, घाम डोळ्यांत गेला, आणि त्यांनी पाण्यावर असो याचे जागी पाण्यात असो ऐसे लिहिले. दोन अक्षरांचा फरक. मग दवंडीवाला सकाळी वाळूवर उभा राहिला, आणि पूर्वेचे ऊन डोळ्यांवर येते म्हणोन त्याने लोकांकडे पाठ केली आणि दर्याकडे तोंड करोन ते फर्मान तीन वेळा वाचिले. लोकांस वाऱ्याने अर्धे ऐकू आले. दर्याने सगळे ऐकिले.

तिसरे दिवशी अकरा होड्या मासळीस निघाल्या, माणूस बासष्ट. त्यांत एका होडीचा तांडेल हाशा, वय तीसाचे आत, अंगाने धिप्पाड, स्वभावाने थट्टेखोर. घरी बायको चांगुणा आणि सहा महिन्यांची लेक, तिचे नाव पोवळी. उंबऱ्यावर चांगुणा पोरीस घेऊन उभी राहिली, हाशाने पोरीच्या टाळूस नाक लाविले, येतो म्हणाला, आणि निघाला. त्या दिवशी वारा नाही, लाट नाही, दर्या परातीतल्या पाण्यासारखा. काठावरील लोक पाहात होते, अकरा होड्या क्षितिजावर ओळीने होत्या. मग पाणी एकदा चमकले, लोकांनी डोळे मिटोन उघडिले, तो एकही नाही. फळी तरंगली नाही, डोलकाठी आडवी दिसली नाही, पक्षी ओरडला नाही. घरोघर बाया बसल्या, परंतु गेले म्हणोन रडावयाचे तर तो शब्द नाही, मग नुसत्याच बसल्या.

पाचवे दिवशी दोन प्रहरी, सूर्य डोईवर, सावल्या पायांखाली, त्या समयी बासष्ट जण पाण्यातून चालत वर आले. गर्दी नाही, घाई नाही. ज्या नगरात पागोटे पसरण्याआधी वाळते तेथे ते उन्हात उभे राहिले आणि त्यांच्या अंगावरील पाणी गळतच राहिले. कपडे वाळत ना. बाया धावल्या, गळ्यात पडल्या आणि मग हळूच मागे सरल्या, कारण अंग गार, जैसे रांजणाच्या तळाशी हात घातला. काय जाहले, कोठे होता, होडी कोठे, काही विचारिले तरी उत्तर एकच, आलो. हाशा आपल्या अंगणाच्या कडेशी उभा राहिला, चांगुणेने पाणी दिले ते घेतले नाही, पाट मांडिला त्यावर बसला नाही. आलो, म्हणाला. सूर्य कलला तसा वळला, येतो म्हणाला, आणि बाकीच्यांसंगे पाण्यात शिरला. दुसरे दिवशी दोन प्रहरी पुन्हा आला आणि एक पाऊल पुढे उभा राहिला.

आरंभी नगरात आनंद. महाराजांनी साखर वाटिली आणि बोलिले की आमचे फर्मान दर्यासही मोडवत नाही. तो आनंद तीन दिवस पुरला. एक म्हातारा नाखवा, त्याचा थोरला लेक त्या बासष्टांत होता. घर लहान, अंगण नाही, म्हणोन लेक रोज एक पाऊल करीत तिसऱ्या दिवशी चुलीपाशी पोहोचला. शेजारी भिंतीपलीकडून ऐकत होते. आत भांडे पडले नाही, कोणी ओरडले नाही. मग नाखवा, त्याची बायको, दोघी सुना आणि तीन नातवंडे रांगेने बाहेर आली, उंबऱ्यावर एकेकाने येतो म्हटले, आणि लेकाच्या मागोमाग दर्यात चालत उतरली, तान्हे कडेवर. दुसरे दिवशी दोन प्रहरी आठही जण आले. धाकटे नातवंड दीड वर्षाचे, त्यास बोलता येत नव्हते, तेही आलो म्हणाले.

मग साखर कोणी खाईना. महाराजांनी दरबार भरविला आणि पंडितांस पुसले. पंडितांनी दोन दिवस विचार केला आणि निर्णय दिला की पाहुणे येतात कारण त्यांस रीतसर निरोप मिळालेला नाही, सबब सरकारातून निरोप द्यावा. बहुत उत्तम, म्हणोन तोच दवंडीवाला वाळूवर पाठविला, डोईवर छत्री धरिली, आणि नगरात निरोप देण्याची जी एकच रीत होती तिला अनुसरोन त्याने दर्याकडे तोंड करोन मोठ्याने म्हटले, सरकारची आज्ञा आहे, सर्वांनी आता या. आणि ते आले. सगळे आले. दोनशे वर्षांत त्या पाण्यात जे जे राहिले होते ते उठले. कोणाच्या डोईस आज्याच्या काळचे पागोटे, कोणाच्या कानात शिंपल्यांनी घर केलेले, कोणाच्या अंगावर कापडच नाही, नुसते शेवाळ. वाळवणाच्या सगळ्या जागा भरल्या. इतकी माणसे उन्हात उभी, आणि थेंब ठिबकण्यावाचून आवाज नाही. मग एकदम एका तोंडाने बोलिले, आलो. दवंडीवाल्याच्या हातची छत्री कोणी पुढे पाहिली नाही, दवंडीवालाही नाही.

त्यांत महाराजांचे आजेमहाराज होते, ते जलविहारास येतो म्हणोन गेले ते राहिले होते. ते वाड्याची रोज एक पायरी चढू लागले. महाराजांनी गवंडी लाविले आणि वरच्या अंगास रोज दोन पायऱ्या बांधविल्या. आजेमहाराज एक चढत, महाराज दोन वर राहावयास जात. शेवटी वाड्याहून पायऱ्या उंच जाहल्या आणि महाराज अगदी टोकास, कळसापाशी, पाट टाकोन बसू लागले. ऐसे कित्येकांनी उपाय केले. परंतु ज्यांस गवंडी नाहीत त्यांचे काय.

चांगुणेच्या अंगणाच्या कडेपासून पाळण्यापर्यंत तेरा पावले. तिने मोजिली होती. सात पावले जाहली तेव्हा तिने पोरीस झोळीत घातले आणि वेशीशी आली की दूर डोंगरावर निघोन जावे. वेसकर भला माणूस, परंतु बोलिला की बाई, बोलल्याशिवाय वेस ओलांडू देणे नाही, चाल आहे. मग ती येते म्हणाली. तीन कोस चालली, चौथ्या कोसास पाय वळले. ती रडत होती आणि पाय नगराकडे चालत होते. फर्मान ते फर्मान. घरी आली तो दोन प्रहर, हाशा उंबऱ्यात उभा, उंबरा भिजोन काळा पडलेला, आणि भिंतींवर मीठ फुटले होते. आलो, म्हणाला.

बाराव्या पावलास तो पाळण्याच्या दोरीपाशी पोहोचला. दुसरे दिवशी सकाळी चांगुणा मिठागराकडे गेली. का गेली तिलाही ठाऊक नाही, घरात बसवेना म्हणोन गेली. तेथे घाटावरचा लाखा वंजारी मीठ भरावयास आला होता. त्याचा पांढरा बैल मोरा, ऐन बांधावर बसला तो उठेना. लाखा घाटावरचा, त्यास नगराची चाल काय ठाऊक. रागावोन त्याने कासरा टाकिला आणि बोलिला, जा, कुठं जायचं तिथं जा. बैल उठला. उन्हात चालत गेला, पांढऱ्या मिठात पांढरा बैल, आणि दहा पावलांवर दिसेनासा जाहला. चांगुणेने तो शब्द जन्मात पहिल्याने ऐकिला. ती जवळ आली आणि पुसू लागली.

"दादा, बैलाला काय म्हणालात?"

"कंच्या बैलाला?" लाखा बोलिला. तो खालचा कासरा उचलोन पाहात होता, जैसा रस्त्यात सापडला.

"आत्ता होता तो. पांढरा. तुम्ही त्याला मोरा म्हणत होता."

"बाई, उन्हात हिंडू नगं. माझ्याकडं एकच बैल हाय, त्यो तांबडा."

परंतु जोतास दोन बैलांची जागा होती, आणि लाखा मोकळ्या जागेकडे बराच वेळ पाहात उभा राहिला, आणि मग का कोण जाणे, त्याने डोळे पुसले. चांगुणा समजली. ज्यास जा म्हटले तो जातो, तो पुन्हा येत नाही. आणि म्हणणाऱ्याच्या मनातूनही जातो, तत्क्षणी. ज्यांनी दुरून पाहिले त्यांच्या मनातून दिवस मावळेतो जातो. त्या भूमीत बोललेला शब्द खाली पडत नाही, फर्मानच तसे होते.

मग ती घरी आली आणि पाळण्याशी बसली, आणि सूर्य डोईवर येण्यास दोन घटका होत्या, त्या दोन घटका तिने नवऱ्यास आठवण्यात घालविल्या. तो जेवताना माशाचे डोके तिच्या ताटात टाके आणि म्हणे, अक्कल खा. त्यास शिंका येत त्या तीन, चौथी कधी नाही. लग्नात त्याने नाव घेताना भलतेच नाव घेतले, आपल्या होडीचे, आणि सारा मांडव हसला. पोर जाहली त्या दिवशी तो दर्यावरून आला आणि हात तीन वेळा धुतले, तरी म्हणाला वास येतो, आणि कोपराने पोरीस शिवला. ऐसे एकेक काढोन तिने शेवटचे म्हणोन पाहिले. पोवळी झोपेत मुठी चोखत होती. मग उंबऱ्याशी थेंब पडला.

हाशा आत आला, तेरावे पाऊल टाकिले, आणि ओला हात पाळण्याच्या दोरीवर ठेविला. दोरीवरून पाणी खाली पोरीच्या दुपट्याकडे निघाले.

"धनी, पोर आत्ता डोळा लागून पडली आहे," चांगुणा बोलिली. "हात ओले आहेत तुमचे."

"आलो," हाशा बोलिला.

"आलात. तेरा दिवस बघते आहे मी. कबूल केल्याप्रमाणे आलात, कोणी नावं ठेवणार नाही तुम्हाला." आणि थेंब दुपट्यास टेकणार तो बोलिली, "आता जा."

त्या समयी हाशाच्या अंगावरील पाणी गळावयाचे थांबले. पागोटे वाळले, सदरा वाळला, हात वाळले. त्याने आपल्या कोरड्या हाताकडे पाहिले, पाळण्यास एक झोका दिला, आणि जन्मात न शिकलेला शब्द सरळ बोलिला, "जातो." आणि अंगणातून बाहेर पडला. फाटक हलत होते. चांगुणेने पाहिले आणि नवल केले की वारा नसता फाटक कोणी हलविले. मग ती उठोन शेजारणीकडे धावली, कारण नवरा विसरली तरी तो शब्द तिच्या जिभेवर राहिला होता. शेजारणीने तिच्याकडून घेतला, तिच्याकडून तिसरीने, आणि दिवस कलेपर्यंत बायांनी आपापल्या उंबऱ्यावर, चुलीपाशी, वाळूवर उभे राहोन एकेकास जा म्हटले. कोणी मोठ्याने म्हटले, कोणी कानात. महाराजांनी कळसावरून आजेमहाराजांस म्हटले. त्या दिवसापासून महाराजांस आपण कोणाचे नातू ते ठाऊक नाही, आणि इतक्या पायऱ्या कशास बांधिल्या तेही सांगता येत नाही. वाळू मोकळी जाहली. सूर्य मावळला तेव्हा नगरात बासष्ट घरांत वल्ही होती आणि ती कोणाची ते कोणास ठाऊक नव्हते. बायांच्या गळ्यात काळे मणी होते, ते कोणी बांधिले ते आठवेना. आयांच्या छातीत कळ येई आणि त्या म्हणत, ऊन बाधले. त्या पुरुषांची नावे नगरात आज कोणी सांगू शकत नाही, न आई, न बायको, न लेक. दप्तरात जेथे लिहिली होती तेथली शाईही उडाली, कागद कोरा. चांगुणा पुढे पुष्कळ वर्षे जगली, पोवळीस वाढविले, उजविले, आणि कधी कोणास दोष दिला नाही. या हकीकतीचा सारांश इतकाच की

"आजोबा, थांबा जरा."

वाचणे येथे तुटले, आणि पुढील बोलणे बखरकाराने मागाहून याच कागदावर उतरिले. खांबाशी जाळे विणीत बसलेली आवडाबाई बोलिली. ही याच बंदरावरची, वय साठीपुढे, इतका वेळ मान वर न करता ऐकत होती. मंडळी तिच्याकडे वळली.

"त्या माणसांची नावं कोणालाच ठाऊक नाहीत म्हणालात ना?"

बखरकार बोलिला की तसेच आहे.

"बायकोलाही नाही. कागदावरही नाहीत."

नाहीत, म्हटले.

"मग हाशा हे नाव तुम्हाला कोणी सांगितलं?"

मंडळी हसली. बखरकाराने सांगितले की लाखा वंजाऱ्याने सांगितले, घाटावर भेट जाहली होती.

"त्याला स्वतःचा बैल आठवेना, आणि दुसरीचा नवरा आठवला?"

मंडळी आणिक हसली, एकाने मांडीवर थाप मारिली. आवडाबाई हसली नाही. तिने हातची गाठ ओढोन पक्की केली आणि जाळे बाजूस ठेविले.

"नाव राहिलं आहे, शिंका राहिल्या, ताटातलं माशाचं डोकं राहिलं. म्हणजे ती बाई जा म्हणालीच नाही. तिच्या तोंडून निघालं नाही ते. खोटं सांगताय तुम्ही."

हसणे थांबले. दाराबाहेर वाळूवर दोन प्रहरचे ऊन पडले होते.

"आता पाळण्यातल्या पोरीचं काय झालं, तेवढं खरं सांगा."

यापुढे कागदावर काही लिहिलेले नाही.